टाकीचं अजीर्ण

गोजराबाईंनी जन्मभर म्हशी सांभाळल्या, पण अजीर्ण झालेली टाकी त्यांनी चौऱ्याऐंशी साली पहिल्यांदाच पाहिली.

नाशिकरोडच्या पलीकडे आठ बौद्ध कुटुंबांनी मिळून सोसायटी बांधली होती. विहीर एक, भाजीचा मळा एक, गोठ्यात चार म्हशी आणि आठ घरांचा मिळून एकच स्वयंपाक. चुलीच्या धुराने गोजराबाईंना खोकून खोकून जेरीस आणलं होतं. गोबरगॅसचा हट्ट त्यांचाच, आणि टाकीचा खड्डा खणताना पहिली कुदळही त्यांचीच. शेणकाल्यावर तरंगणारं लोखंडी पिंप गॅसने पहिल्यांदा हातभर वर उचललं गेलं, तेव्हा बाई चक्क नाचल्या. साठीची बाई हो!

आणि चौदा एप्रिलची जयंती झाली, तसं चार दिवसांत पिंप खाली बसलं. शेगडी विझली, चूल पेटली, खोकला परत आला.

सेक्रेटरी वाल्मीक शाळामास्तर, शिस्तीचा माणूस. त्याने सभा बोलावली. "बुद्धपौर्णिमेपर्यंत गॅस आला तर ठीक, नाहीतर खड्डा बुजवायचा. टाकीत शेणपाण्याशिवाय काय गेलंय, ते सांगा."

सगळे जमिनीकडे बघू लागले. टाकीची राखण गोजराबाईंकडे; बोलावं तर राखणदारच चोर ठरणार. गप्प बसावं तर इलाज कसला करणार? बाईंनी पदर खोचला.

"म्या खीर घातली. पातेलंभर. सणाचं आपण घरोघरी गोडधोड करून खायाचं आन् तिनं निस्तं शेण? मला नाय बघवलं."

"मी बुंदी," चिमणाबाई पुटपुटल्या.

"आमचा शिरा," कोपऱ्यातून पुंजा म्हणाला.

बघता बघता सात घरांनी कबुली दिली. एकमेकांच्या चोरून सगळ्यांनी लाडक्या टाकीला जेवू घातलं होतं! सभा हसून हसून लोळली.

"पोट आंबलंय तिचं," बाई म्हणाल्या. "म्हशीला करते तेच करू. चुन्याचं पाणी आन् लंघन."

पंधरा दिवस टाकीला शेणाचा कणही मिळाला नाही. मग बाईंनी रोज पसाभर, मग घमेलंभर शेण घातलं. येता-जाता कान लावून त्या बुडबुडे ऐकत.

बुद्धपौर्णिमेला सकाळी पिंप हातभर वर! बाईंनी काडी ओढली आणि निळी ज्योत फरफरली. आठ घरांचा चहा उकळला, पोरं पातेल्यावर चमचे बडवू लागली.

पण वाल्मीक कुठे दिसेना. तो टाकीच्या तोंडाशी सापडला, हातातली चहाची बशी कलती करून.

"मास्तर!"

"एकच घोट, मावशी," तो लाजून म्हणाला. "जयंतीला जिलबीही मीच... दोन ताटं."

गोजराबाई मटकन खाली बसल्या आणि पोट धरून हसल्या. चिमणाबाई सवयीने पाण्याचा तांब्या घेऊन धावत आल्या. पण बाई मनसोक्त हसल्या तरी ठसका काही लागला नाही.