टॉन्सिल इराचे, घसा आमचा

घरात आजारी माणूस असलं की दोन गोष्टी साठतात, भांडी आणि किस्से. भांडी घासायला आमच्याकडे मावशी येतात. किस्से मात्र मलाच सांगत बसावे लागतात, कारण नवरा म्हणतो, "पल्लवी, तूच सांग. तू सांगतेस तेव्हा माझी बदनामी जरा कमी होते." तसं काही नाहीये, पण असू दे.

तर आमची इरा, वय वर्षं तीन, स्वतःला 'इला' म्हणते. ती झोपेत इतकी घोरायची की आमच्या कोपरीतल्या बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, तिचा बाप घोरतोय! मध्येच श्वास अडकायचा आणि दचकून उठायची. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टॉन्सिल काढून टाकू. काढले. ऑपरेशन थिएटरचं दार उघडलं तेव्हा मला वाटलं, सुटलो एकदाचे. मी किती भोळी होते!

घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली. पाणी पाजा. घसा कोरडा पडला की दुखणं वाढतं, रक्त यायचीही भीती असते. नाहीच प्यायली तर परत आणा, सलाईन लावू. आता ऑपरेशनच्या वेळी सलाईन लावताना शीर सापडेना म्हणून चौघांनी मिळून इराला धरलं होतं, आणि ती माझ्याकडे बघत होती. ते बघणं मला पुन्हा नको होतं.

आणि घरी आल्या आल्या इराबाईंनी तोंड मिटलं. पाणी नाही, दूध नाही, बोलणंसुद्धा नाही. काही हवं असेल तर बोट दाखवायची. खरंच दुखत होतं हो बिचारीला.

* * *

ऑपरेशनच्या आधी सगळ्यांनी तिला एकच लालूच दाखवली होती: "मग काय बाबा, मज्जा! रोज आइस्क्रीम!" त्यामुळे नितीनने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, पहिल्याच दिवशी फॅमिली पॅक आणून फ्रीजरमध्ये ठेवला.

तेवढ्यात सासूबाई खडवलीहून आल्या. फ्रीज उघडला आणि तिथेच कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"अरे, गार खाऊन घसा बिघडला म्हणून तो कापून आणलात, आणि आता त्याच्यावर आइस्क्रीम?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"लाव त्यांना फोन."

फोन लावला, स्पीकरवर ठेवला. डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या, "आजी, गार चालेल. उलट तिला बरं वाटेल."

"तुम्हाला मुलं आहेत का हो?"

"आहेत ना, दोन."

"त्यांना देता आइस्क्रीम?"

"देते कधीतरी."

"आणि त्यांचे टॉन्सिल?"

"आहेत की अजून."

"अहो, मग!" असं म्हणून आईंनी फोन माझ्या हातात दिला. त्यांच्या दृष्टीने केस निकाली निघाली होती.

एवढं रामायण झाल्यावर इराने एक चमचा घेतला, गिळला आणि माझ्या मांडीत तोंड खुपसून रडली. नंतर त्या डब्याकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. चार वाजता मी स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याशी उभ्या, हातात वाटी.

माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "माझे शाबूत आहेत."

* * *

दुखणं थांबवायचं औषध वेळेवर द्यायचं होतं. गुलाबी, स्ट्रॉबेरीच्या वासाचं. इरा ते तोंडात घ्यायची, माझ्याकडे रोखून बघायची आणि माझ्या गाऊनवर सोडून द्यायची. मी दिवसभर स्ट्रॉबेरीच्या वासाने फिरत होते.

नितीन म्हणाला, "तुला जमत नाही. मुलांना करून दाखवावं लागतं." त्याने झाकणात औषध ओतलं, "बघ हां इरा, बाबा कसा पितो! यम्मी!" म्हणत घटाघटा प्यायला.

इरा पहिल्यांदाच हसली. तिने बाटलीकडे बोट दाखवलं, मग बाबाकडे. तो पुन्हा प्यायला. ती पुन्हा हसली. पोरगी हसतेय म्हटल्यावर हा कुठला थांबतोय! तिसऱ्या वेळी मी बाटली हिसकावून घेतली.

संध्याकाळी मी विचारलं, "काय रे, तुझी कंबर दुखत होती ना सकाळी?"

"हो गं," तो चकित होऊन म्हणाला, "दुखायची एकदम थांबली!"

* * *

आमच्या बिल्डिंगमध्ये बातमी लिफ्टच्या आधी वर पोचते. समोरच्या मोरेकाकू मोबाइलचा टॉर्च लावूनच आत आल्या. "आ कर गं राणी." इराने आ केला. काकू किंचाळल्या, "अगं बाई, आत सगळं पांढरं झालंय! पू झालाय पू!"

मी दहा वेळा सांगितलं की टॉन्सिल काढलेल्या जागी अशीच पांढरी खपली येते, डॉक्टरांनी आधीच सांगितलेलं. पण काकूंनी वरच्या मजल्यावर सांगितलं, वरच्यांनी खालच्यांना, आणि मग जो तो टॉर्च घेऊन हजर. प्रत्येक जण वाकून बघायचा आणि गंभीर चेहरा करून निघून जायचा. पाणी पाजायची युक्ती मात्र एकालाही सुचली नाही.

इराला आता सवयच लागली. दार वाजलं की आपण जायचं, मान वर करायची, आ करायचा. दुसऱ्या दिवशी गॅस सिलिंडरवाला आला. खांद्यावर सिलिंडर, घामाघूम माणूस. इरा त्याच्यासमोर आ करून उभी राहिली.

त्याने सिलिंडर खाली ठेवला, गुडघ्यांवर हात टेकून नीट आत पाहिलं, आणि मला म्हणाला, "सब ठीक है मॅडम. ओटीपी बोलो."

सगळ्या बिल्डिंगमध्ये मला धीर देणारा तो एकच.

* * *

मग कल्याणहून नितीनच्या आत्या आल्या. घशाच्या पेशंटला भेटायला काय आणावं? भाजणीच्या चकल्या! डबाभर!

मी नुसती बघत राहिले. आत्या म्हणाल्या, "अगं, तिला नाही, तुम्हाला! जागरणं होतायत तुमची."

मन मोठं आहे हो त्यांचं, पण डबा इराने पाहिला. चकली म्हणजे तिचा जीव. तिने बोट दाखवलं, आम्ही नाही म्हटलं, आणि तिने जमिनीवर अंग टाकलं. रडायला आवाज फुटत नव्हता. नुसतं तोंड उघडं आणि डोळ्यांतून धारा. आत्यांनाही कसंतरी झालं. डबा माळ्यावर गेला.

त्यातल्या चार चकल्या मात्र मी आधीच काढल्या होत्या. सकाळपासून माझ्या पोटात चहाशिवाय काही नव्हतं. बाथरूममध्ये गेले, आवाज येऊ नये म्हणून नळ सोडला आणि पालथ्या बादलीवर बसून चकली खायला लागले. खाता खाता मला रडूच आलं. दोन दिवस वाटी, चमचा, ड्रॉपर, स्ट्रॉ, गाणी, धमक्या, सगळं करून झालेलं. पोरीचे ओठ सुकले होते, सकाळपासून शू नीट झाली नव्हती. मला भीती वाटत होती, बाकी काही नाही.

दारावर टकटक झाली. आई होत्या.

"पल्लवी, रडतेयस का?"

"नाही आई."

"मग खातेयस का?"

मी नळ आणखी मोठा सोडला.

"दाराच्या फटीतून एक दे."

* * *

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, "आता वाट बघू नका. घेऊन या, सलाईन लावू." मी पिशवी भरली. टॉवेल, फ्रॉक, तिचा लाडका ससा. नितीन रिक्षा बघायला खाली गेला. आई देवापुढे उभ्या राहिल्या. मी फाइल शोधायला आत गेले आणि बाहेर आले तर इरा नाही!

दार उघडं होतं. मी धावतच निघाले, तेवढ्यात बाहेरून कुणीतरी सेफ्टी डोअर वाजवलं.

इरा बाहेर उभी होती. पायात आजीच्या चपला, खांद्याला माझी पर्स, पर्स जमिनीला टेकलेली. आ वगैरे काही केला नाही. आमच्याकडे बघून फक्त जराशी हसली, ओळखीचं पण बेताचं.

मी तिला उचलायला वाकले, तर आईंनी मला हाताने मागे सारलं.

"अगंबाई! या, या. बसा ना."

इरा आत आली. चपला दाराशी नीट काढल्या. सोफ्यावर चढून बसली, पर्स मांडीवर घेतली. आई आत गेल्या आणि ट्रेमध्ये पाण्याचा ग्लास घेऊन आल्या. पाहुण्यांचा, काचेचा.

इराने ग्लास दोन्ही हातांनी उचलला. एक घोट घेतला. गिळताना डोळे गच्च मिटले, पर्स पोटाशी दाबून धरली, पण रडली नाही. मग दुसरा घोट. मग तिसरा. 

अर्धा ग्लास संपवून तिने आईंकडे पाहिलं आणि फाटक्या, घोगऱ्या आवाजात विचारलं,

"इला पाणी पिते का?"

आईंनी पदराने डोळे पुसले. "कुठे पिते हो! थेंब घेत नाही."

खालून नितीनने हाक मारली, "अगं ए, रिक्षा थांबलीये!" 

इराने उरलेलं पाणी संपवलं, ग्लास ट्रेमध्ये ठेवला आणि मान हलवत म्हणाली,

"लाडावून ठेवलीय तुम्ही."