शनिवारचे चिप्स

सातवीनंतर माझी शाळा सुटली. तरीही अर्जलेखनात इंग्लंडातल्या आमच्या वॉटफर्डच्या कोणाही पदवीधराने माझ्याशी बरोबरी सांगू नये, असे माझे मत होते व आहे. आपल्या लोकांचे व्हिसाचे, पेन्शनचे, कौन्सिलचे अर्ज माझ्याच लेखणीतून उतरत.

सासूबाई आमच्याकडे भेटीला आल्या होत्या. देशात त्यांचे कोणी उरले नव्हते. सबब त्यांना मुलीजवळ कायम राहू द्यावे, असा अर्ज मी क्रॉयडनच्या व्हिसा कचेरीत दाखल केला. अर्ज निर्दोष होता. तथापि पत्नीने माझ्या लेखणीवर न विसंबता, उत्तर येईपर्यंत शनिवारचे कडक उपास धरले.

शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे हाय स्ट्रीटवर फिरायला जात असू. पबबाहेर ग्लास घेऊन गलका करणारी पोरे, कडाक्याच्या थंडीत उघड्या दंडांनी हिंडणाऱ्या मुली, आणि कोपऱ्यावर फिश अँड चिप्सचे दुकान. बटाटा उपासाला चालतो, मीठ चालते. म्हणून चिप्स चालत. मासा वेगळ्या कढईत तळतात, याची खातरजमा मी पहिल्याच दिवशी केली होती. एक पुडी सासूबाईंसाठी घरी येई.

एका शनिवारी मी निव्वळ सौजन्याने मालकाला म्हणालो, "अशी चव लंडनमध्येसुद्धा मिळत नाही."

तो खुलला. "बीफ ड्रिपिंग, साहेब! गाईची चरबी. माझे आजोबाही त्यातच तळायचे. तेलाला कसली आलीय चव?"

पत्नीने तोंडातला घास रुमालात काढला.

"हे आधी सांगायला नको?" मी गरजलो.

"तुम्ही माशाचं विचारलंत, मी माशाचं सांगितलं."

रांगेतली पोरे हसली. धार्मिक भावनांची अशी उघड पायमल्ली होत असता हसणे, ही कोणती संस्कृती?

घरी पत्नी डोक्यावरून न्हाली आणि रडत बसली. "माझे सगळे शनिवार बुडाले हो! आता आईला परत पाठवतील."

"दोष दुकानदाराचा आहे," मी समजावले. "अजाणता घडलेल्या कृत्यास—"

"देवापुढे तरी कलमं लावू नका!"

सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "जावईबापू, माशाची एवढी चौकशी केलीत, तेव्हा कढईत काय आहे ते विचारायला तोंड दुखत होतं का?" मग लेकीकडे वळून, "आणि मला गोड लागले गं. आता काय करू, सांग."

मी त्याच रात्री कौन्सिलला चार पानी तक्रार लिहिली. कशात तळले ते सांगण्याचे दुकानदारावर बंधन नाही, असे दोन ओळींचे उत्तर आले. दोन ओळी! मी स्वतः जाऊन त्या माणसाला बजावले की निदान पाटी तरी लाव. त्याने लावली. लाल अक्षरांत, काचेवर: 'अस्सल गाईच्या चरबीत तळलेले'. पुढच्या शनिवारी रांग पबच्या दारापर्यंत गेली होती. याला न्याय म्हणावे काय?

क्रॉयडनहून अद्याप काही कळले नव्हते. मी घरी आलो तेव्हा पत्नी स्वयंपाकघरात शेंगदाणे भाजत होती.

"आज कितवा उपास?" मी विचारले.

"पहिला," ती म्हणाली. "आणि तेलाचा डबा मी स्वतः वाचून आणलाय."