चोरानं चप्पल नेली, काच आपण फोडली

"आधी आवाज कमी करा." हाताचा पंजा हवेत खाली दाबत डॉक्टर म्हणायचे. नेरूळच्या आमच्या सोसायटीत पार्किंगवरून पेटलेल्या मीटिंगमध्ये म्हणायचे, लिफ्टमध्ये फोनवर ओरडणाऱ्याला म्हणायचे. एकदा आमच्याकडे चहाला आले तेव्हा कुकरलाही म्हणाले. कुकरनं ऐकलं नाही. सोसायटीही ऐकत नसे.

अशी माणसं तुमच्याही बिल्डिंगमध्ये असतील. कुणाशी भांडत नाहीत, म्हणून कुणाच्या लक्षात राहत नाहीत. आमचे हे डॉक्टर आयसीयूत असतात, एवढंच आम्हाला ठाऊक. मी बेलापूरच्या सरकारी कचेरीत साधा कारकून, तरी मला 'साहेब' म्हणायचे. टिंगल होती की आदर, शेवटपर्यंत कळलं नाही.

मग ती चोराची भानगड झाली. भर दुपारी कुणीतरी ग्रुपवर 'चोर!' असं टाकलं. ते वाचून दुसऱ्यानं टाकलं, तिसऱ्यानं फोनाफोनी केली. अख्खी सोसायटी बॅटा आणि झाडू घेऊन खाली. आमची ही लाटणं घेऊन. त्या धुमश्चक्रीत वॉचमनचा हात मोडला आणि लॉबीची काच फुटली. काच हिच्या लाटण्यानं. चोर सेक्रेटरींच्या चपला घालून केव्हाच पसार झाला होता.

पुढं हिला लघवीचं इन्फेक्शन झालं आणि अंगावर काढता काढता ते रक्तात गेलं. ताप, असंबद्ध बडबड, बीपी पार खाली. डॉक्टरांच्याच आयसीयूत नेलं. सेप्सिस, म्हणाले. ते बाहेर येऊन बाकावर माझ्या शेजारी बसले.

"जंतूंवर औषध चालू आहे, साहेब. पण आता जंतूंपेक्षा वहिनींच्या स्वतःच्या पेशींचा धिंगाणा मोठा आहे."

"म्हणजे?"

"चोर आठवतो ना? पेशींचाही ग्रुप असतो. जंतू दिसला की त्या निरोप धाडतात, सायटोकाइन म्हणतात त्याला. निरोप मिळाला की आणखी पेशी धावतात, त्या आणखी निरोप धाडतात. आता अंगभर काचा फुटतायत. रक्तवाहिन्या झिरपतायत, म्हणून बीपी टिकत नाही. चोरानं चप्पल नेली. काच आपण फोडली."

"मग तो ग्रुपच बंद करा की!" मी ओरडलो.

पंजा खाली आला. "आधी आवाज कमी करा. ग्रुप बंद केला तर जंतूंना रान मोकळं."

काही दिवसांनी ताप उतरला, बीपी सावरलं. मी खुशीत पेढे घेऊन गेलो. डॉक्टरांनी पेढ्याला हात लावला नाही.

"चोरीनंतर सगळ्यांनी ग्रुप म्यूट केला. मग दिवसाढवळ्या पंपाची मोटर चोरीला गेली. वॉचमन बोंबलत होता. खाली कोण उतरलं?"

"कोणी नाही."

"पेशी थकल्या की तसंच होतं. आता एखादा फालतू जंतूही पुरेल. शांतता झाली की मला जास्त धास्ती वाटते, साहेब."

भेटायला येणाऱ्यांना त्यांनी सरळ बंदी घातली. साताऱ्याहून आलेली मेहुणी त्यांना खडूस म्हणाली. मीही मान डोलावली. ते मात्र रोज हिच्या पलंगाशी उभे राहून म्हणत, "वहिनी, भांडा बघू माझ्याशी." ही नुसती बघत राहायची. एका सकाळी म्हणाली, "डॉक्टर, तुमच्याकडच्या पेजेला मीठ कोण घालतं? कोणी घालतं का तरी?"

डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी पेढा मागून घेतला.

गेल्या हिवाळ्यात ते झोपेतच गेले. कुठलाही आवाज न करता. शोकसभेला आम्ही लॉबीत जमलो, नव्या काचेसमोर. सेक्रेटरी उठले, "आपले डॉक्टर..." म्हणाले आणि खाली बसले. पुढं कोणी बोलेना. एवढी शांतता आमच्या सोसायटीत मी कधी पाहिली नव्हती. खरं सांगतो, मला भीती वाटली.

ही शेजारी रडत होती. तिनं डोळे पुसले, पदर खोचला आणि खणखणीत आवाजात विचारलं, "त्या पार्किंगचं काय ठरलं हो शेवटी?"

एकच गलका उडाला. माझा पंजा आपोआप वर गेला. हिनं तो धरून खाली घेतला.

"ओरडू द्या," ती म्हणाली. "आज त्यांना बरं वाटेल."