मुरलीधर शिखर

माझी फजिती ऐकायचीय ना? मग चहा हातात घ्या, आणि मी सांगायच्या आधी हसू नका.

लढाई संपली आणि मी समुद्रमोजणीचं जहाज सोडून कर्जतजवळच्या आमच्या दुष्काळी गावी परतलो. जहाजावर आमचं काम काय, तर समुद्राचा तळ कागदावर उतरवायचा. उथळ जागी दोराला शिसं बांधून सोडायचं, त्याच्या बुडाला चरबी लावलेली. चरबीला वाळू चिकटली की तळ वाळूचा, चिखल चिकटला की चिखलाचा, आणि कोरी आली की खाली कातळ. खोल समुद्रात यंत्र आवाज सोडायचं, तो तळाला आपटून परत यायचा आणि कागदावर डोंगर उठायचे. पाण्याखाली डोंगर! गावात एकाचाही विश्वास बसला नाही.

त्या साली आमच्या विहिरीत जेमतेम पुरुषभर गढूळ पाणी उरलं होतं. खाली मुरूम असेल तर थोरला भाऊ विहीर आणखी खणणार होता. कातळ असेल तर शेत पडीक टाकून सगळं घर बेलापूरच्या साखर कारखान्याकडं उसाच्या कामाला जाणार होतं.

"बुडी मारून हातानंच बगतो की," दादा म्हणाला.

"आडान्यावानी करू नगंस. ह्ये शास्त्राचं काम हाय."

तराजूतलं वजन घेतलं, बुडाला मेण थापलं, दोरानं सोडलं. कडेपेक्षा मधोमध ते वीतभर आधीच टेकलं. हाताला टणक लागलं, मेण कोरं. मी कागदावर डोंगर काढला आणि झोकात नाव दिलं, मुरलीधर शिखर. मुरलीधर म्हणजे मीच.

"एकच डोंगूर हाय न्हवं? मग बाजूनं खनू," दादा म्हणाला.

बाजूला सोडलं, पुन्हा टणक. पलीकडं सोडलं, तिथंही टणक. बाकीच्या जागी मेणाला मुरूम चिकटत होता, पण तिकडं बघतो कोण?

"दादा, ही पर्वतरांग हाय."

 दादा घरी जाऊन बिऱ्हाड बांधायला लागला. मला फार वाईट वाटलं, पण शास्त्रापुढं माझा काय इलाज?

निघायच्या दिवशी सकाळी वहिनी विहिरीवर गेली. घागर धरायला मी मागोमाग. तिनं शिळ्या भाकरीचा तुकडा पाण्यात टाकला. मुरलीधर शिखर हळूच वर आलं, मान काढून माझ्याकडं बघितलं आणि भाकरी खाल्ली.

"वहिनी, कासव?"

"व्हय. पानी साफ ऱ्हातं म्हनून मीच सोडलंय, चार वर्सं झाली."

"मग सांगितलं का न्हाई?"

"भावजी, तुमी डोंगूर हुडकत हुता. कासवाचं मला कुनी इचारलं?"

दादानं सरळ उडी मारली आणि मूठभर मुरूम घेऊन वर आला. बिऱ्हाड सुटलं, पहारी निघाल्या. चार हात खाली असा झरा लागला की दादा त्यात उभा राहून रडला. मीही रडलो.

तेव्हापासून वहिनी विहिरीच्या काठावर उभी राहून रोज हाक मारते, "मुरलीधर, भाकरी!" पहिले काही महिने मीही हात धुऊन जायचो.