ब्रेकमधली हवा

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकतो. मुलगा अकरावीत होता. रामदासपेठेतल्या ज्या क्लासला आम्ही त्याला घातलं होतं, तिथे तो दोन महिने फिरकलाच नव्हता. हे कळलं त्या दिवशी मी त्याला शोधत गेलो, तर पठ्ठ्या क्लाससमोरच्याच टपरीवर चार पोरांत चहा पीत उभा. विचारलं नाही, पुसलं नाही, तिथेच कानाखाली वाजवली. तेव्हापासून त्यानं माझ्याशी बोलणंच टाकलं. घरात असायचा, जेवायचा, सांगितलेलं काम करायचा, पण माझ्या वाट्याला फक्त "हो" नाहीतर "नाही". बायको म्हणाली, हात तुम्ही उचलला, आता तोंडही तुम्हीच उघडा. पण गोड बोलून कुणाचं मन वळवणं मला जन्मात जमलेलं नाही. हातात पाना असला की मला जरा सुचतं.

थोरल्या भावाची जुनी पिकअप मौद्याजवळच्या शेतात गोठ्यामागे चार वर्षांपासून पडून होती. ती ओढून घरी आणली आणि मुलाला म्हटलं, दर रविवारी दोघं मिळून हिला उभी करू. तो "हो" म्हणाला.

पोराच्या हाताला गुण होता, खोटं कशाला बोलू. उंदरांनी सीटखालच्या वायरी कुरतडून पार वाट लावली होती. त्यानं एकेका वायरीला चिकटपट्टी लावून नंबर घातले आणि तीन रविवारांत सगळे दिवे पेटवून दाखवले. क्लासमध्ये तासभर न टिकणारा हा गडी गाडीखाली चार-चार तास पडून राहायचा. मला अभिमान वाटत होता, पण तसं म्हणायला जीभ रेटली नाही. वाटलं, गाडी चालू झाली की तो आपणहून बोलेलच.

मग ब्रेक आले. पुढच्या दोन्ही चाकांचे कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमट्यासारखे धरणारे भाग, मी काढून साफ केले, रंगवले आणि परत बसवले. त्यानंतर ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढायची असते. त्याला दोन माणसं लागतात. एकानं वर बसून ब्रेक दाबायचा, दुसऱ्यानं चाकाशी बसून कॅलिपरवरचा छोटा नट सैल करायचा, तेलाबरोबर बुडबुडे बाहेर येऊ द्यायचे आणि नट परत आवळला की "सोड" म्हणायचं. मी खाली, तो वर. दाब, धर, सोड. तो दर वेळी "हो" म्हणत होता आणि तेवढ्यानंही मला बरं वाटत होतं.

तासभर झाला, तेलाची अख्खी बाटली संपली, तरी ब्रेक आपला चिखलात पाय घातल्यासारखा खाली जाई. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलो, "मी सांगायच्या आधीच पाय उचलून राहिला तू! ध्यान कुठं असते बे तुझं? क्लासमध्ये बी असंच केलं असशील." तो खाली उतरला, हात पुसले आणि घरात निघून गेला.

मी चाकाशीच बसून राहिलो. आणि मग मला ते दिसलं. हवा काढायचा नट कॅलिपरच्या वरच्या अंगाला असावा लागतो, कारण हवा वर चढते. माझे दोन्ही नट खाली तोंड करून होते. डावा कॅलिपर मी उजवीकडे बसवला होता आणि उजवा डावीकडे. हिंगण्याच्या कारखान्यात बावीस वर्षं मी फिटर आहे. तिथे एखादा भाग काढला की आधी त्यावर डावा-उजवा अशी खूण करतो आणि न करणाऱ्या पोरांना शिव्या घालतो. घरी म्हटलं, माझ्यासारख्याला खुणा कशाला पाहिजेत!

पहिला विचार काय आला असेल? की गुपचूप अदलाबदल करून टाकावी, पोराला कळणारही नाही. केलीही तशीच. दीड तास लागला. पण हवा काढायला दुसरा माणूस पाहिजेच, म्हणून त्याला हाक मारली. तो आला, वर बसला. दहा मिनिटांत ब्रेक दगडासारखा घट्ट झाला. आता मात्र माझ्यानं राहवेना. त्याच्याकडे न बघताच म्हटलं, "तुझी काही चूक नव्हती. मी कॅलिपर उलटे बसवले होते."

"मले माहीत होतं," तो म्हणाला.

"मग सांगितलं काहून नाही?"

"सांगितलं होतं. तुम्ही बसवत होते तेव्हाच. दोनदा."

मला काही म्हणजे काही आठवेना. मी पाना पुसत राहिलो. किती महिन्यांनी तो माझ्याशी पुरतं वाक्य बोलत होता, आणि आता थांबत नव्हता.

"क्लासचं बी सांगितलं होतं बाबा. तिथं काय शिकवते ते मले समजत नाही, भीती वाटते म्हणून. क्लास सोडायच्या आधी. तुम्ही जेवून राहिले होते."

"मग? काय म्हटलं मी?"

"भाजीत मीठ कमी आहे म्हणाले."

तो खाली उतरून घरात गेला. मी खूप आठवून पाहिलं. भाजी कोणती होती, तेही आठवत नाही.