डोक्यावरची आंबील

"तू आणलीस ना, मग तूच पी पोटभर."

काकू हे हसून म्हणाल्या. आवाज चढवला नाही, तोंड वाकडं केलं नाही. लातुरात ज्यांच्या घरी मी भाड्यानं राहत होते, त्या या काकू. आम्ही त्यांच्या शेतात कडब्याच्या झोपडीवजा कोपीसमोर उभ्या होतो. दिवस येळवशीचा. माझ्या डोक्यावरून नुकतीच उतरवलेली आंबिलीची बिंदगी, म्हणजे मातीची घागर, कोपीच्या दारात होती. ती आता आत जाणार नव्हती.

काकूंनी सालगड्याला हाक मारली. शेजारच्या शेतातून पूजेला आणि पंगतीला थोडी आंबील मागून आण म्हणाल्या. मग बिंदगीकडं न बघताच म्हणाल्या की ही तिकडं बोरीखाली ठेव, गड्यांना होईल. माझ्यासारख्याच त्यांच्याकडं भाड्यानं राहणाऱ्या तिघी पोरी कोपीत शिरल्या. मी तिथंच उभी राहिले. लोक सांगतात, अंगाची आग झाली, रक्त उसळलं. माझं तसलं काही झालं नाही. पाय गार पडले आणि कानात दडे बसले, एवढंच.

येळवस ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगते. मार्गशीर्षातली अवस. आमच्या लातूर-नांदेडकडं त्या दिवशी गावंच्या गावं शेतात जातात, लातूरच्या गोलाईत सुद्धा दुकानाची फळी उघडत नाही. कोपीत पाच दगडांचे पाच पांडव मांडायचे, पूजा करायची, भज्जी म्हणजे शेंगा-पालेभाज्यांची मिसळ भाजी आणि बाजरीचे उंडे खायचे, वर आंबील प्यायची. आंबील म्हणजे ताक आणि ज्वारीचं पीठ, आदल्या दिवशी लावून आंबवलेली. ती नव्याकोऱ्या मातीच्या बिंदगीत भरतात आणि घरचं माणूस डोक्यावर घेऊन शेतात नेतं. शेतात आलेल्याला उपाशी धाडायचं नाही अशी रीत आहे. शेत नसलेल्याला शेतवाल्याचं आवतण असतं. सगळ्यांना असतं, असं म्हणतात.

आम्हाला शेत नव्हतं. माझं गाव लोह्याजवळ. आम्ही मांगवाड्यातले, वडील लोह्याच्या स्टँडवर ऑटो चालवतात. लहानपणी आई मला घेऊन येळवशीला शेतोशेत जायची, हातात पातेलं. आम्ही बांधावर थांबायचो. कोपीतून बाई यायची आणि वरून आंबील ओतायची, पातेल्याला तांब्या लागू न देता. ती बाई चांगली असली तर भज्जी जास्त वाढायची. मला त्यात काही वावगं दिसायचं नाही, आंबील वरूनच पडते असं मला वाटायचं. एका वर्षी आईनं पातेलं फळीवर पालथं घातलं. "आता न्हाई जायाचं. आपली येळवस घरात," म्हणाली. तेव्हापासून पत्र्याखाली बसून आम्ही घरची आंबील प्यायचो.

बीएस्सी झाल्यावर मला लातूरला एमएस्सीला प्रवेश मिळाला. पहिलं वर्ष मी कॉलेजच्या आवारातल्या हॉस्टेलला काढलं. वर्गात कुणी कोणत्या यादीतून हॉस्टेल मिळवलं ते सगळ्यांना पाठ होतं. पाणी एक दिवसाआड यायचं. तक्रार करायला गेलो की रेक्टर बाई म्हणायच्या, फुकटात राहता आणि वर गिझर पाहिजे. त्यांचं हे पालुपद होतं. नळ बिघडला तरी फुकट, पंखा बिघडला तरी फुकट. रात्री दिवा लवकर मालवला की अभ्यास जिन्यात. मला तो शब्द खुपायला लागला. मांग म्हटलेलं मी गावात ऐकलेलं होतं, त्याला आई उत्तर द्यायची. फुकटी म्हटल्यावर काय बोलायचं ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

माझ्याच वर्गातली शुभांगी, चाकूरची, वाण्याची पोरगी, बाहेर खोली घेऊन राहायची. ती म्हणायची, बाहेर ये गं. बाहेर आपण भाडं देतो, मग आपण भाडेकरू. तुझं काय नि माझं काय, घरमालकाला भाड्याशी मतलब. मला ते फार पटलं. महिनाभर मी मनात तोलत होते. हॉस्टेलला प्रयोगशाळा जवळ, ग्रंथालय जवळ, आपल्या पोरी जवळ. बाहेर डब्याचा खर्च, पायपीट, पण दाराला आपली कडी. वडिलांना फोन केला. ते म्हणाले, बघ बाई तुला जमतंय का, मी धाडतो. मी खोलीचं पारडं जड केलं, ते त्या कडीपायी.

शुभांगी राहायची त्याच घरात खोली बघायला गेले तेव्हा काकूंनी पूर्ण नाव विचारलं, गाव विचारलं. तिकडं आमचे पाहुणे आहेत म्हणाल्या. मी आडनाव सांगितलं तेव्हा त्यांना कळलं, ते मला त्यांच्या पापणीत दिसलं. मी पिशवी उचलायला वाकले. तशा काकू म्हणाल्या, "राहा गं. आम्ही काय असलं मानत न्हाई."

मला त्या दिवशी इतका आनंद झाला की सांगता येत नाही. पुढचे सगळे महिने मी त्या वाक्याच्या ओझ्याखाली वागले. न सांगता वऱ्हांडा झाडला. काकूंचं दळण गिरणीतून आणलं. अप्पांना, म्हणजे काकूंच्या मालकांना, मोबाइलवर त्यांच्या पोराचे पुण्याचे फोटो उघडून दिले. अंडं खाल्लं नाही. शुभांगीनं यातलं एकही केलं नाही. तिला कुणी राहा म्हणालंच नव्हतं, ती नुसतीच राहत होती. हा फरक माझ्या ध्यानात आला नाही. शहाणी म्हणवते आणि एवढं कळलं नाही, याची मला आजही चीड येते.

येळवस आली. काकूंनी आम्हा चौघी भाडेकरूंना आवतण दिलं, शेतात या सगळ्याजणी म्हणाल्या. आईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, "कोपीत बसवत्याल का?" मी म्हणाले, आई, हे लातूर आहे. ती बरं म्हणाली आणि फोन ठेवला.

चाकूर रस्त्याला त्यांचं शेत. काकू आणि बाकीच्या पोरी पहिल्या जीपमधून पुढं गेल्या. दुसऱ्या जीपमध्ये अप्पा, मी आणि आंबिलीची बिंदगी. जीप रस्त्याला थांबली. पुढं ज्वारीतून पायवाट. आंबील न्यायची ती घरच्या माणसानं, म्हणजे अप्पांनी. पण अप्पांचा गुडघा धरला होता आणि त्यांच्या पोराला पुण्याहून सुट्टी मिळाली नव्हती. अप्पांनी बिंदगीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. "पोरी, तू घे. तू खेड्यातली हायस, तुला जमंल," म्हणाले.

त्यांनी स्वतःच्या हातानं चुंबळ माझ्या डोक्यावर ठेवली. वर बिंदगी, तिच्यावर घोंगडी. मी चप्पल काढली, कारण आंबील नेणारा अनवाणी जातो हे मला ठाऊक होतं. बांधावर बसून मी तेवढं बघितलेलं होतं. दोन्ही बाजूंना ज्वारी कणसात आलेली, हरभरा घाट्यांनी भरलेला. मला वाटलं, आईनं आता मला बघायला पाहिजे. एक थेंब सांडू दिला नाही मी. त्या वाटेवर मी जेवढी सुखात चालले तेवढी कधी चालले नाही, आणि तेच मला सगळ्यात जास्त लागतं.

कोपीपाशी पोचले. काकू हळदीकुंकवाचं ताट घेऊन बाहेर आल्या. मला बघून थबकल्या.

"अगं बाई. तू कशाला उचललीस?"

मी अप्पांकडं बघितलं. ते मागून काठी टेकत येत होते. पोचले, ऐकलं, आणि घोंगडीची घडी घालायला लागले. "मीच सांगितलं," एवढे दोन शब्द पुरले असते. ते त्यांनी उच्चारले नाहीत. मग काकू हसल्या आणि ते वाक्य बोलल्या, जे मी सुरुवातीलाच सांगितलं.

मी बोरीखाली जाऊन बसले. सालगड्याच्या बायकोनं मला जागा दिली, कुन्या गावची म्हणून विचारलं, पत्रावळ मांडली. बिंदगीतून आंबील काढून दिली. मी प्यायले. चांगली झाली होती, हे सांगायला हवं. जिरं, लसूण, आंबटपणा बेताचा. माझ्या आईच्या आंबिलीपेक्षा चांगली. मी दुसऱ्यांदाही मागून घेतली. कोपीतून शुभांगीचा आवाज येत होता, तिला कुणीतरी उंड्याचा आग्रह करत होतं. तिनं एकदाही मान वळवली नाही.

उन्हं उतरली. आवराआवर सुरू झाली. बिंदगी तोवर रिकामी झाली होती. काकू लांबूनच म्हणाल्या की ती रिकामी बिंदगी तूच घे, जीपपर्यंत ने.

"न्हाई नेणार," मी म्हणाले.

बास. एवढंच. माझा आवाज मलाच कुणा दुसऱ्या बाईचा वाटला. काकूंनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि सालगड्याला खूण केली.

खोलीवर आल्यावर शुभांगी माझ्या कॉटवर येऊन बसली. म्हणाली, मला सुचलंच नाही गं काय करावं. म्हणाली, त्या मनानं वाईट नाहीत, जुन्या आहेत. आणि मग, अगदी मायेनं, माझा हात धरून म्हणाली की तू हॉस्टेललाच बरी होतीस, तिथं असलं काही नसतं. हीच पोरगी म्हणाली होती, तुझं काय नि माझं काय. मी हात सोडवून घेतला आणि पांघरूण ओढून झोपले. झोप लागली सुद्धा.

सकाळी दार उघडलं तर उंबऱ्यासमोर ती बिंदगी. विसळलेली, उपडी. जिन्यात काकू उभ्या होत्या. म्हणाल्या, "पाण्याला ठेव तुला. गार राहतं. आमच्यात आता ती लागत न्हाई." मग तशाच गोड आवाजात, "अन् हॉस्टेलला जागा असंल तर बघ की. आपल्या माणसांत मोकळं वाटतं."

काकू खाली गेल्या. मी बिंदगी हातात घेऊन बसले. पितळेची असती तर चिंचेनं घासून त्यांनी परत फडताळात ठेवली असती. माती धुता येत नाही. फोडली तर अपशकुन, ठेवली तर बाट. म्हणून मला भेट. आणि बिंदगीचं जे केलं तेच माझं करायचं होतं. घराबाहेर काढायचं, पण प्रेमानं. मी हसून हो म्हणावं आणि वर आभार मानावेत. गेले कित्येक महिने मी तेच तर करत आले होते.

मी उठले. बिंदगी नळाखाली धरून काठोकाठ भरली. ओढणीची चुंबळ केली, डोक्यावर घेतली आणि जिन्यानं खाली उतरले. अप्पा वऱ्हांड्यात पेपर वाचत होते. काकू स्वयंपाकघराच्या दारात होत्या. मी बिंदगी त्यांच्या उंबऱ्याच्या आत ठेवली.

"काकू, बिंदगी तुमची हाय. ती तुमच्या घरातच राहणार. अन् मी बी राहणार, परीक्षा हुईस्तोर. भाडं दिलंय."

मी अप्पांकडं वळले. "अप्पा, चुंबळ तुमच्या हातानं ठेवली होती. काकूंना सांगा." पेपर त्यांच्या तोंडासमोर तसाच राहिला. त्यांनी सांगितलं नाही. मी थांबले, पुरेसा वेळ थांबले, आणि वर गेले.

परीक्षेपर्यंत मी तिथंच राहिले. सोपं नव्हतं. वरच्या नळाचं पाणी कधीमधी बंद व्हायचं, मग मी खाली येऊन वऱ्हांड्यातल्या नळावर बादली लावायचे, सगळ्यांदेखत. शुभांगीनं फेब्रुवारीत दुसरी खोली बघितली. झाडणं, दळण, फोटो दाखवणं मी सोडलं. अंडी शिजवली. बिंदगी काकूंनी तुळशीमागं सरकवून ठेवली होती. तिला कुणी हात लावला नाही, मीही नाही. आईला सगळं सांगितलं तेव्हा ती रडली नाही. "मी इचारलं हुतं तुला," म्हणाली. ते खरंच होतं.

आता मी संशोधन करते, आणि पुन्हा त्याच आवारातल्या हॉस्टेलला आहे. माझी मी आले, कुणी पाठवलं नाही. रेक्टर बाई फुकट म्हणाल्या त्या दिवशी मी आमच्या मजल्यावरच्या सगळ्या पोरी घेऊन कार्यालयात बसले, आणि नळ दुरुस्त होईपर्यंत उठले नाही. त्या अजून मला फुकटी समजतात. समजू देत.

दर वर्षी जूनमध्ये लोह्याच्या, अहमदपूरच्या, चाकूरच्या पोरी पिशव्या घेऊन येतात आणि विचारतात, ताई, हॉस्टेल बरं की खोली? मी त्यांना दोन्हीकडचं पाणी, दिवा, डबा, सगळं नीट सांगते. कुठं राहायचं ते तुमचं तुम्ही ठरवा म्हणते. पण आम्ही असलं काही मानत नाही असं जिथं कुणी आपणहून सांगेल, तिथं मान खाली घालायची नाही आणि वऱ्हांडा झाडायचा नाही. आणि कुणी आंबील डोक्यावर घे म्हणालं, तर चुंबळ ठेवू देण्याआधी चारचौघांत मोठ्यानं विचारायचं, ही तुम्ही पिणार का. होय म्हणाले तरच उचलायची.