कीबोर्डचा दुसरा ड्रायव्हर

आमच्या विन्सखोटन गावच्या वाचनालयात महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी दुरुस्तीची टेबलं मांडतात. लोक बंद पडलेले रेडिओ, फाटलेले कोट, गळक्या कॉफीच्या किटल्या घेऊन येतात. मी शिवणयंत्र घेऊन कपड्यांच्या टेबलावर बसते आणि माझ्या उजवीकडे लॅपटॉपच्या टेबलावर हार्मके बूर्समा. नऊ वर्षं आम्ही अशा शेजारी बसतोय. या नऊ वर्षांत काम करता करता तिचे हात थांबलेले मी एकदाच पाहिले. त्या दिवसाचंच सांगते.

त्याआधी हार्मके कोण ते सांगायला हवं. वय एकोणसत्तर, अंगाने काटकुळी, केस स्वतःच कापते आणि ते दिसतं. बाप पुठ्ठ्याच्या कारखान्यात होता. सोळाव्या वर्षी तिला विजेचं काम शिकायचं होतं, तर मास्तर म्हणाले, "मुलींना शॉक बसेल." ही म्हणाली, "मग मुलांना काय, गुदगुल्या होतात?" मास्तरांनी प्रवेश दिला. पुढे चौतीस वर्षं तिने शेतातलं पाणी कालव्यात उपसणाऱ्या पंपघरात काढली. पंप बंद पडला तर सकाळपर्यंत गावाच्या बीटांच्या शेतात बदकं पोहणार, त्यामुळे घाबरायला वेळ नसायचा. काहीही बिघडलं की आधी वीज नीट येतेय का ते बघायचं, ही सवय तिथली. लग्न केलं नाही. देवावर विश्वास नाही, पण चर्चमध्ये दर मंगळवारी गायला जाते, कारण तिथे खालच्या पट्टीत गाणाऱ्या बायका कमी आहेत.

आणि एक नियम. ज्याचा लॅपटॉप त्याने शेजारी बसायचं. ती कुणाचे फोटो उघडत नाही, मेल वाचत नाही. "नळ दुरुस्त करायला बोलावलं असेल तर मी त्यांची कपाटं कशाला उघडू?" म्हणते.

फेब्रुवारीतल्या त्या शनिवारी आफ्के टाउन्स्ट्रा आली. शहात्तर वर्षांची, निवृत्त नर्स, नवरा जाऊन तीन वर्षं झालेली. हार्मकेच्याच गाण्याच्या गटातली. लॅपटॉप उशीच्या अभ्र्यात घालून आणला होता.

"हार्मके, हा मरायला टेकलाय बघ. एक मेल उघडेपर्यंत माझे बटाटे सोलून होतात."

"किती बटाटे?"

"पाहुणे असतील तर आठ."

"मग फारच हळू आहे," हार्मके म्हणाली आणि चार्जर हातात घेतला. "हा कुणी दिला?"

"रूलोफने. जुन्याची वायर कुत्र्याने चावली." रूलोफ तिचा मुलगा. तासाभराच्या अंतरावर असतो, विम्याच्या कचेरीत नोकरी, दोन मुलं.

हार्मकेने चार्जरची पिन उजेडात धरली. तिच्या मधोमध केसासारखी बारीक सुई असते. ती वाकून एका बाजूला चिकटली होती. "बघ. या सुईवरून लॅपटॉप आपला चार्जर ओळखतो. ओळखला नाही तर त्याला वाटतं, वीज अपुरी आहे. मग बॅटरी भरत नाही आणि तो स्वतःचा वेगही कमी करून टाकतो."

"म्हणजे अर्धपोटी काम करतोय बिचारा."

"चालतोय, पण भिंतीला धरून."

हार्मकेने आपल्या खोक्यातला चांगला चार्जर लावला. दोन मिनिटांत पडद्यावरचं सगळं चटचट उघडू लागलं. बॅटरी भरायला लागली. आफ्केने टाळ्या वाजवल्या आणि पिशवीतून मधाच्या केकचे तुकडे काढून आम्हा दोघींना दिले. मला वाटलं, झालं.

"थांब," हार्मके म्हणाली. "स्वतःचं नाव टाइप कर."

आफ्केने केलं. बोटं पुढे गेली आणि अक्षरं मागून एकेक करून आली.

"हे चार्जरमुळे नाही," हार्मके पुटपुटली. तिने लॅपटॉपच्या भागांची यादी उघडली. पडदा, आवाज, कॅमेरा, प्रत्येक भाग चालवायला आत एक छोटा प्रोग्रॅम असतो, त्याला ड्रायव्हर म्हणतात. तो जुना झाला किंवा बिघडला की भाग अडखळतो. हार्मके एकेक ओळ तपासत खाली आली आणि कीबोर्डपाशी तिचे हात थांबले.

"काय झालं?" मी विचारलं. मशीनवरचा पाय मीही काढला होता.

"कीबोर्डला एक ड्रायव्हर पुरतो. इथे दोन आहेत. दुसऱ्यावर कंपनीचं नाव नाही." तिने आफ्केकडे पाहिलं. "मागच्या वर्षी चौदा मेला हा बसवलाय. त्या दिवशी लॅपटॉप कुणी हाताळला होता का?"

"चौदा मे माझा वाढदिवस," आफ्के हसत म्हणाली. "सगळे घरी होते. रूलोफ वरच्या खोलीत बसून मुलांचे फोटो घालून देत होता. दुपारभर बसला बिचारा, केकसुद्धा वरच मागवला."

हार्मकेने खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, "आफ्के, मला एक तपासायचंय. त्यासाठी मी एरवी उघडत नाही ते उघडावं लागेल. तू हो म्हणालीस तरच."

"अगं उघड ना. माझ्याकडे लपवण्यासारखं काय आहे?"

हार्मकेने कोरं पान उघडलं आणि टाइप केलं: लाल बोका छपरावर बसला. ते जतन न करताच बंद केलं. मग बराच वेळ शोधून लपवलेल्या कप्प्यातली एक फाइल उघडली. शेवटची ओळ होती: लाल बोका छपरावर बसला.

त्याच्या वर ओळीच ओळी होत्या. हार्मकेने झटकन तळहात पडद्यावर ठेवून त्या झाकल्या. स्वतःला दिसू नये म्हणून.

"तू या कीबोर्डवर जे जे लिहितेस ते इथे जमा होतं," ती म्हणाली. "आणि रोज संध्याकाळी सात वाजता एका मेलच्या पत्त्यावर जातं. पत्ता रूलोफचा आहे."

आफ्केने उशीचा अभ्रा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली. मग तिने विचारलं, "सीत्सेला लिहिलेलंपण?"

सीत्से हा मधमाश्या पाळणारा विधुर. दीड वर्ष दोघांची पत्रापत्री चालू आहे, हे गाण्याच्या गटात सगळ्यांना माहीत होतं. मुलाला तिने सांगितलेलं नव्हतं.

"मी वाचलं नाही. पण हो. सगळंच."

आफ्के आमच्याकडे न बघता, पाढे म्हटल्यासारखी बोलायला लागली. "जूनमध्ये मी सीत्सेला लिहिलं होतं, की बुधवारी नातवंडं येतात तेव्हा मी फार दमते. कधी कधी ती नाही आली तर बरं, असं वाटतं. दमलेलं माणूस लिहितं तसं लिहिलं. पुढच्या बुधवारपासून मुलं यायची बंद झाली. रूलोफ म्हणाला, पोहण्याचा क्लास लावलाय." ती थांबली. "आठ महिने मी विचार करतेय, माझं काय चुकलं. मी त्यांच्यासाठी पॅनकेकचं पीठ भिजवून ठेवायचे गं. दर बुधवारी. नंतरसुद्धा."

माझ्या हातातला कोट खाली पडला. आम्ही तिघी अशा बसलो होतो, जणू समोर कुणी पडलंय आणि हात लावायचं धाडस कुणाला होत नाहीये.

"काढून टाकते," हार्मके अखेर म्हणाली. "अगोदर या सगळ्याची नक्कल करून तुला देते. उद्या तो 'मी केलंच नाही' म्हणाला तर तुझ्या हातात असावं. आणि मग काढते."

"थांब. काढण्याआधी मला लिहू दे."

आफ्केने लॅपटॉप स्वतःकडे ओढला. कोऱ्या पानावर, नर्सच्या सवयीने सरळ आणि थोडक्यात, तिने लिहिलं: रूलोफ, मला कळलंय. रविवारी चार वाजता ये. एकटा ये. आई. अक्षरं मागून येत राहिली आणि ती प्रत्येकाची वाट बघत राहिली.

"आता हे सात वाजता जाईल?"

"जाईल. तोवर लॅपटॉप चालू ठेव आणि आणखी काही लिहू नकोस. साडेसातला मी घरी येते आणि काढते."

त्याप्रमाणे ती गेली आणि तो दुसरा ड्रायव्हर मुळासकट काढला. रविवारीही आफ्केने तिला बोलावलं. "मला यंत्रातलं कळत नाही, त्याचा फायदा घेऊन तो सुटेल," म्हणाली. पुढचं मला हार्मकेने सांगितलं.

रूलोफ साडेतीनलाच आला. आमच्याकडे वेळेआधी कुणी येत नाही. कोट न काढता दारातच म्हणाला, "आई, तुझ्या काळजीपोटी केलं. शेजारच्या काकूंना फोनवरून फसवलं, आठवतंय ना? तू एकटी. कोण तो सीत्से, मला काय माहीत?"

"विचारायचं होतंस."

"तू सांगितलं असतंस?"

"नसतं. तो माझा प्रश्न." मग तिने विचारलं, "माझ्या काळजीपोटी वाचत होतास, तर बुधवार का बंद केलास?"

भिंतीकडे बघत तो म्हणाला, "मला वाईट वाटलं. माझी मुलं तुला नकोशी झालीत, असं वाटलं. बोलून दाखवता येईना, कारण मला ते कळायलाच नको होतं." चव्वेचाळीस वर्षांचा माणूस जिन्याच्या पायरीवर बसून रडला. आफ्केने त्याला जवळ घेतलं नाही. रुमाल दिला.

मार्चपासून मुलं पुन्हा यायला लागली, दोन बुधवारांतून एकदा. तेवढं तिला झेपतं आणि आता ते ती तोंडावर सांगते. रूलोफ त्यांना फाटकापाशी सोडतो. आत ये, असं ती अजून म्हणालेली नाही. सीत्सेला मात्र ती आता पेनाने लिहिते. लॅपटॉप वाऱ्यासारखा पळतो, पण त्याच्यावर ती फक्त पत्ते खेळते.

हार्मकेला हे फार लागलं. एकटी राहणारी बाई, तरी तिने घरी जाऊन स्वतःचा कीबोर्ड तपासला. आता टेबलावर येणाऱ्या प्रत्येक लॅपटॉपच्या मालकाला ती आधी विचारते, "कीबोर्डची ओळ बघू का?" वसंत ऋतू संपेपर्यंत तिला आणखी एक सापडला. तिशीतली एक बाई होती आणि बसवणारा नवरा होता. ती बाई रडली नाही. तिने लॅपटॉप मिटला आणि विचारलं, "तुमच्याकडे फोन आहे का? माझ्या बहिणीला लावायचाय, आणि तो माझ्या फोनवरून नको." हार्मकेने आपला फोन तिच्या हातात दिला आणि दाराकडे तोंड करून उभी राहिली, तिचं बोलून होईपर्यंत.